डोळ्यातील जीवाणूंचा रेण्वीय शोध

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आता आपल्याकडे घरोघरी परिचयाची झाली आहे. भारतात दरवर्षी अशा साठ लाखांहून अधिक शस्त्रक्रिया होतात. सकाळी रुग्णालयात गेलेले आजोबा संध्याकाळी काळा चष्मा लावून घरी येतात आणि दुसऱ्या दिवशी भिंतीवरच्या दिनदर्शिकेची तारीख वाचून दाखवतात. हजारातील एखाद्या किंवा त्याहूनही कमी रुग्णांच्या बाबतीत मात्र तसे होत नाही. पहिल्या आठवड्यातच डोळा दुखू लागतो, लाल होतो, पापणी सुजते आणि आदल्या दिवशी दिसणारी तारीख दिसेनाशी होते. डोळ्याच्या आत जीवाणू शिरलेले असतात. या विकाराला वैद्यकात एंडोफ्थॅल्मायटिस म्हणतात. मराठीत अंतर्नेत्रदाह म्हणता येईल.

प्रमाण कमी म्हणून हा प्रश्न लहान ठरत नाही. दोन हजारांत एक एवढेच प्रमाण धरले, तरी साठ लाखांचे गणित तीन हजार डोळ्यांवर जाते. त्यांतील काहींच्या बाबतीत तो एकुलता एक दिसणारा डोळा असतो.

हे जीवाणू येतात कोठून? बहुतेक वेळा रुग्णाच्याच पापण्यांवरून. स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस हा जीवाणू आपल्या सर्वांच्या त्वचेवर निमूटपणे राहत असतो. त्वचेवर असतो तोवर तो निरुपद्रवी. पण शस्त्रक्रियेच्या छेदातून आत गेला की त्याला मोकळे रान मिळते. म्हणूनच शस्त्रक्रियेपूर्वी डोळ्यात पोव्हिडोन आयोडीनचे पाच टक्के द्रावण घालतात. हा साधा, स्वस्त उपाय या संसर्गाविरुद्धचे सर्वांत भरवशाचे शस्त्र आहे, आणि पुढे ज्या चाचण्यांविषयी आम्ही लिहिणार आहोत त्या सर्वांपेक्षा त्याने जास्त डोळे वाचवले असतील, असे आमचे मत आहे.

डोळ्याच्या आतली रचनाच जीवाणूंच्या सोयीची आहे. नेत्रभिंगामागची पोकळी काचाभ द्रवाने भरलेली असते. या सुमारे चार मिलीलिटर पारदर्शक जेलीत रक्तवाहिन्या नसतात. रक्तवाहिन्या नाहीत म्हणून प्रकाश अडत नाही. पण त्यामुळेच रक्तातील संरक्षक पेशी तेथे उशिरा पोचतात आणि पोटात घेतलेली प्रतिजैविके अपुऱ्या प्रमाणात पोचतात. एखादा जलद वाढणारा जीवाणू अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. आठ तासांत चोवीस वेळा दुप्पट, म्हणजे एकाचे एक कोटी सदुसष्ट लाख. डोळ्यात इतकी आदर्श परिस्थिती नसते आणि सगळेच जीवाणू इतके चपळ नसतात, हे खरे. तरी सकाळी दुखू लागलेला डोळा संध्याकाळपर्यंत थांबू का शकत नाही, हे या गणितावरून कळावे. जीवाणूंची विषे आणि त्यांच्याशी लढणाऱ्या आपल्याच पेशींची रसायने दृष्टिपटलाचा नाश करतात, आणि दृष्टिपटलाच्या पेशी पुन्हा निर्माण होत नाहीत.

मोड आले तरच ओळख

अशा डोळ्यात कोणता जीवाणू आहे, हे शोधण्याची रूढ पद्धत सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. बारीक सुईने डोळ्यातून एकदोन दशांश मिलीलिटर द्रव काढतात, म्हणजे दोन-चार थेंब. त्यातील एक थेंब काचपट्टीवर पसरून हान्स ख्रिश्चन ग्राम यांनी १८८४ मध्ये सांगितलेल्या पद्धतीने रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. उरलेला द्रव पोषक माध्यमावर पसरून ३७ अंश सेल्सिअसला ठेवतात. जीवाणू जिवंत असतील तर एकदोन दिवसांत त्यांच्या वसाहती दिसू लागतात. याला संवर्धन म्हणतात.

काचपट्टीवर जीवाणू दिसायचे तर दर मिलीलिटरमध्ये ते साधारण लाखभर असावे लागतात. संवर्धन त्याहून संवेदनशील आहे, पण त्याचीही अडचण आहे. मोड आल्यावरच मटकी ओळखायची, असा नियम केल्यासारखे ते आहे. बी रुजले नाही तर ओळख नाही. रुग्णाला आधीच प्रतिजैविकाचे थेंब सुरू झालेले असतील, तर जीवाणू डोळ्यात असूनही बशीत वाढत नाहीत. काहींना प्राणवायू सोसत नाही. काही फार सावकाश वाढतात. क्यूटिबॅक्टेरियम ॲक्नेस हा जीवाणू (याचे जुने नाव प्रोपिऑनिबॅक्टेरियम ॲक्नेस) शस्त्रक्रियेनंतर कित्येक महिन्यांनी डोके वर काढतो. तो कृत्रिम भिंगामागच्या पिशवीत दडून बसतो, आणि त्याच्यासाठी संवर्धनाच्या बशा दोन आठवडे राखून ठेवाव्या लागतात.

याचे मोजमाप अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मिळते. मोतीबिंदूच्या व कृत्रिम भिंगाच्या शस्त्रक्रियेनंतर अंतर्नेत्रदाह झालेल्या ४२० रुग्णांचा हा अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. अनुभवी प्रयोगशाळा आणि काटेकोर पद्धती असूनही निश्चित वाढ मिळाली ती सुमारे ६९ टक्के रुग्णांत. उरलेल्यांच्या डोळ्यांत काय होते? जीवाणू होते पण वाढले नाहीत, की ती केवळ शस्त्रक्रियेनंतरची निर्जंतुक सूज होती? संवर्धनाची रिकामी बशी या दोन उत्तरांत फरक करू शकत नाही, आणि डॉक्टरांना नेमका तोच फरक हवा असतो.

दाखल्याची छापील ओळ

येथे पीसीआर मदतीला येते. कोविडच्या साथीमुळे २०२० पासून ‘आरटी-पीसीआर’ हा शब्द शाळकरी मुलांनाही पाठ झाला. पण नाकात घातलेली काडी आणि दुसऱ्या दिवशीचा अहवाल यांच्या मध्ये काय घडते, हे वर्गात क्वचितच सांगितले गेले. कोरोना विषाणूचे जनुकीय द्रव्य आरएनए असल्याने आधी त्याचे डीएनएत रूपांतर करावे लागे. ‘आरटी’ ही अक्षरे त्या पायरीची. जीवाणूंत मुळातच डीएनए असल्याने येथे ती पायरी लागत नाही.

ही कल्पना अमेरिकेतील सीटस कंपनीत काम करणाऱ्या कॅरी मलिस यांना १९८३ मध्ये सुचली. १९९३ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. डीएनएचे दोन धागे असतात. नमुना ९४-९५ अंशांपर्यंत तापवला की धागे सुटे होतात. मग तापमान ५५ अंशांच्या आसपास आणले की द्रावणात घातलेले प्रायमर, म्हणजे सुमारे वीस अक्षरांचे डीएनएचे तुकडे, आपापल्या जुळत्या जागी जाऊन चिकटतात. नंतर ७२ अंशांना पॉलिमरेज हे विकर प्रायमरपासून सुरुवात करून धागा पुरा करते. एका फेरीत एकाचे दोन. तीस फेऱ्यांत दोनाचा तिसावा घात, म्हणजे एकाच्या सुमारे १०७ कोटी प्रती. कागदावर हे छान दिसते; प्रत्यक्षात दर फेरीत बरोबर दुप्पट होत नाही. दर फेरीला दोनऐवजी १.९ पट धरले तर तीस फेऱ्यांनंतर १०७ कोटींऐवजी केवळ २३ कोटी उरतात. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांकडून लॉगॅरिदम वापरून हे उदाहरण अवश्य सोडवून घ्यावे. चक्रवाढीत लहानसा फरक कुठे नेतो, ते व्याजाच्या उदाहरणापेक्षा येथे अधिक ठसते.

सुरुवातीला एक मोठी अडचण होती. दर फेरीत ९५ अंशांना विकर नष्ट होई आणि ते पुन्हा घालावे लागे. तोडगा सापडला तो अमेरिकेतील यलोस्टोन उद्यानाच्या गरम झऱ्यांत. तेथे सुमारे ७० अंशांच्या पाण्यात सुखाने राहणारा थर्मस ॲक्वाटिकस हा जीवाणू टॉमस ब्रॉक आणि त्यांचा विद्यार्थी हडसन फ्रीझ यांनी १९६०च्या दशकात शोधला होता. त्याचे पॉलिमरेज उकळत्याजवळचे तापमान सहन करते. उकळत्या झऱ्यात काय जगते, याचे कुतूहल असणाऱ्या माणसांनी केलेले ते काम होते. डोळ्यांच्या दवाखान्याशी त्याचा काही संबंध येईल, असे तेव्हा कोणाच्या मनातही नव्हते.

आता खरा प्रश्न. डोळ्यातून काढलेल्या थेंबात रुग्णाच्या स्वतःच्या पेशी भरपूर असतात. त्यांच्या डीएनएत सुमारे ३०० कोटी अक्षरजोड्या आहेत. त्या गर्दीत प्रायमर जीवाणूचीच जागा कशी शोधतो? अक्षरे चारच आहेत. पण वीस अक्षरांचे वेगवेगळे शब्द चाराचा विसावा घात इतके, म्हणजे एक लाख कोटीहून अधिक होतात. तेव्हा ठरावीक वीस अक्षरांचा शब्द माणसाच्या डीएनएत निव्वळ योगायोगाने सापडण्याची शक्यता फार थोडी. शिवाय प्रायमर दोन लागतात, आणि तेही एकमेकांपासून योग्य अंतरावर जुळावे लागतात.

पण कोणता जीवाणू आहे हेच ठाऊक नसताना प्रायमर कोणता घ्यायचा? याचे उत्तर ‘१६ एस आरआरएनए’ नावाच्या जनुकात आहे. प्रथिने तयार करणाऱ्या रायबोसोमच्या एका भागासाठी हे जनुक असते. त्याची लांबी सुमारे १५०० अक्षरे असून ते प्रत्येक जीवाणूत असते. यातील काही भाग सर्व जीवाणूंत जवळजवळ सारखे आहेत, तर मधले भाग जातीनुसार बदलतात. शाळा सोडल्याचा दाखला डोळ्यांसमोर आणावा. ‘विद्यार्थ्याचे संपूर्ण नाव’, ‘जन्मतारीख’, ‘शाळा सोडण्याचे कारण’ या छापील ओळी सर्व दाखल्यांवर सारख्या. मधल्या रिकाम्या जागांत भरलेला मजकूर प्रत्येकाचा वेगळा. प्रायमर छापील ओळींना चिकटवायचे. प्रती निघाल्या तर नमुन्यात जीवाणू आहे, एवढे लगेच कळते. मग मधला हाताने भरलेला मजकूर वाचायचा, म्हणजे अक्षरांचा क्रम काढायचा आणि तो संगणकावरील जनुकसंग्रहाशी ताडून पाहायचा, की जीवाणूचे नाव कळते. या जनुकाच्या आधारे सजीवांची वंशावळ मांडण्याचे काम कार्ल वूझ यांनी केले. त्यातूनच १९७७ मध्ये आर्किया हा सजीवांचा स्वतंत्र गट पुढे आला. आणखी एक सोय अशी की बऱ्याच जीवाणूंत या जनुकाच्या एकाहून अधिक प्रती असतात. आतड्यातल्या ई. कोलायमध्ये तर सात असतात. त्यामुळे थोडे जीवाणूही सापडू शकतात. कवकांसाठीही याच तत्त्वावर, पण वेगळे जनुकभाग वापरून चाचण्या आहेत.

चेन्नईच्या शंकर नेत्रालयातील संशोधकांनी १९९८ मध्ये अंतर्नेत्रदाहाच्या रुग्णांवर अशा पीसीआरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. संवर्धन रिकामे राहिलेल्या अनेक नमुन्यांत त्यांना जीवाणूंचे जनुक सापडले. लंडनमध्ये त्याआधी १९९४ मध्ये महिनोन्‌महिने उशिरा येणाऱ्या ॲक्नेस संसर्गात ही पद्धत वापरली गेली होती. पुढे २००८ मध्ये फ्रान्समधील अनेक रुग्णालयांनी मिळून केलेल्या अभ्यासात तर एक बोलकी गोष्ट दिसली. डोळ्यात प्रतिजैविकाचे इंजेक्शन दिल्यानंतर घेतलेल्या काचाभ द्रवात संवर्धनाने फारसे काही मिळत नव्हते, पण पीसीआरने बहुसंख्य रुग्णांत जीवाणूची ओळख पटत होती. भाजलेल्या मटकीला मोड येत नाहीत. पण ती मटकी आहे, हे ओळखता येते.

मग उपचार बदलतो का?

हा प्रश्न शंका म्हणून वाचकांच्या मनात यायलाच हवा. कारण डॉक्टर पीसीआरची वाट पाहत थांबत नाहीत, थांबूही नये. अंतर्नेत्रदाहाचा संशय येताच नमुना घेऊन त्याच वेळी डोळ्यात दोन प्रतिजैविके सोडतात: व्हँकोमायसिन एक मिलिग्रॅम आणि सेफ्टाझिडिम सव्वादोन मिलिग्रॅम, प्रत्येकी एक दशांश मिलीलिटरमध्ये. पहिले ग्राम-धन जीवाणूंवर, दुसरे ग्राम-ऋण जीवाणूंवर. या जोडीत बहुतेक जीवाणू येतात. मग पाच-सहा तासांत नाव कळून उपयोग काय?

आमच्या मते उपयोग पुढच्या ४८ तासांतल्या निर्णयांत आहे. दुसरे इंजेक्शन द्यायचे का आणि कशाचे? काचाभ द्रव शस्त्रक्रियेने काढून टाकायचा का? एपिडर्मिडिस असेल तर दृष्टी बऱ्यापैकी परतण्याची आशा असते. स्ट्रेप्टोकॉकस असेल तर परिणाम पुष्कळदा वाईट होतो, आणि आक्रमक उपचाराला विलंब परवडत नाही. सर्वांत नाजूक प्रश्न स्टेरॉइडचा. निर्जंतुक सुजेवर स्टेरॉइड हेच औषध. पण तेच कवकाच्या संसर्गात दिले तर कवकाला रान मोकळे होते. ‘जीवाणू, कवक, की दोन्ही नाहीत’ एवढे उत्तर त्याच दिवशी मिळाले तरी डॉक्टरांचा हात योग्य बाटलीकडे जातो. शेतात भाताचे पाते किंवा उसाचे पान लागून बुबुळावर, म्हणजे पारपटलावर, होणाऱ्या जखमांनाही हेच लागू आहे. अशा व्रणांत आपल्या देशात कवकांचा वाटा मोठा आहे. मात्र तेथे खरवडून काढलेला अंश साध्या काचपट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइड घालून पाहिला, तर कवकाचे तंतू पाच मिनिटांत दिसू शकतात. रेण्वीय चाचणीच्या उत्साहात ही काही रुपयांची तपासणी वगळणारी प्रयोगशाळा आधुनिक म्हणवून घेण्यास पात्र नाही.

एकाच रुग्णालयात एकाच दिवशी अनेक रुग्णांना संसर्ग झाला, तर या तंत्राचा आणखी एक उपयोग होतो. डोळा धुण्याच्या द्रवातून मिळालेला आणि डोळ्यांतून मिळालेला जीवाणू यांचा डीएनए ताडून उगम शोधता येतो. स्यूडोमोनास हा ओलाव्यात राहणारा जीवाणू अशा घटनांत अनेकदा सापडतो.

अतिसंवेदनशीलतेची किंमत

पीसीआरचा गुण हाच तिचा दोष आहे. समजा, नमुन्यात शंभर प्रती होत्या. तीस फेऱ्यांनंतर नळीत सुमारे दहा हजार कोटी प्रती झाल्या. झाकण उघडताना त्यातला एक लाखांश भाग तुषाररूपाने हवेत उडाला, तरी त्यात दहा लाख प्रती आहेत. उद्याच्या नमुन्यात त्यातल्या थोड्या पडल्या, की निरोगी डोळाही संसर्गित ठरला! म्हणून पीसीआरच्या प्रयोगशाळेत रसायने मिसळण्याची, नमुना घालण्याची आणि प्रती तपासण्याची खोली वेगळी असते, आणि जाण्याची दिशा एकच. नुसते पाणी घातलेली एक नळी प्रत्येक वेळी सोबत चालवतात. तिच्यात प्रती निघाल्या तर त्या दिवसाचे सगळे निकाल बाद. गंमत म्हणजे पॉलिमरेज विकर व्यापारी प्रमाणावर ई. कोलायकडून करवून घेतात, आणि त्यातून त्या जीवाणूच्या डीएनएचे अंश विकरासोबत येऊ शकतात. सर्व जीवाणू शोधणारी चाचणी मग स्वतःच्याच रसायनातला जीवाणू शोधून देते.

उलट बाजूची चूकही होते. काचाभ द्रवातील काही घटक पॉलिमरेजचे काम रोखतात आणि जीवाणू असूनही प्रती निघत नाहीत. त्यासाठी नमुन्यात मुद्दाम एक ओळखीचा डीएनए मिसळतात. त्याच्याही प्रती निघाल्या नाहीत तर ‘जीवाणू नाहीत’ असा अहवाल देता येत नाही. ग्राम-धन जीवाणूंची भिंत जाड असते. ती नीट फोडली नाही तर आतला डीएनए बाहेरच येत नाही.

डीएनए सापडला म्हणजे जीवाणू जिवंत आहे, असेही नाही. आता वापरात असलेल्या रिअल टाइम पीसीआरमध्ये प्रती वाढत असतानाच त्यांची चमक मोजली जाते, नळी उघडावी लागत नाही, आणि किती फेऱ्यांनंतर चमक दिसली यावरून मूळ संख्येचा अंदाज येतो. दर ३.३ फेऱ्यांचा फरक म्हणजे दहापट. कोविडमध्ये ‘सीटी व्हॅल्यू’ म्हणून ज्याची चर्चा झाली ते हेच. पंचविसाव्या फेरीला दिसलेला आणि अडतिसाव्या फेरीला दिसलेला जीवाणू यांना एकच वजन देऊन चालत नाही.

आणि संवर्धनाची बशी एक गोष्ट सांगते, जी पीसीआर पूर्णपणे सांगू शकत नाही: कोणते प्रतिजैविक लागू पडेल. प्रतिकारशक्ती देणारी काही जनुके, उदाहरणार्थ स्टॅफिलोकॉकसमधील मेक-ए, पीसीआरने शोधता येतात. पण ज्या जनुकाचा प्रायमर घातला नाही, त्याविषयी चाचणी मौन पाळते. वाढलेल्या जीवाणूवर मात्र औषधाची चकती ठेवून प्रत्यक्ष पाहता येते. त्यामुळे दोन-चार थेंबांतला पहिला वाटा संवर्धनाला द्यावा की पीसीआरला, असा वाद कोणी घातला तर आम्ही दोघांनाही देण्याच्या बाजूचे आहोत. थेंब फारच कमी असतील तर निदान काचपट्टी आणि संवर्धन चुकवू नये.

खर्च आणि अंतर हा प्रश्न उरतोच. वेगळ्या खोल्या, प्रशिक्षित माणसे आणि अखंड वीज जिल्ह्याच्या गावी सहज मिळत नाहीत. या बाबतीत क्षयरोगाचे उदाहरण आशादायक आहे. गोव्यातील कंपनीने विकसित केलेले ट्रूनॅट हे बॅटरीवर चालणारे छोटे पीसीआर यंत्र २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने क्षयाच्या निदानासाठी मान्य केले. त्यात पीसीआरची रसायने सुकवून ठेवलेली असतात. थुंकीतील एका ठरावीक जीवाणूसाठी हे जमले. डोळ्यासाठी ते अधिक अवघड आहे. येथे संशयित एक नसून अनेक आहेत आणि नमुना काही थेंबांचा आहे. अनेक प्रायमर एकाच वेळी चालवून जीवाणू, विषाणू व कवक यांची एकत्र तपासणी करणाऱ्या चाचण्यांवर आपल्याकडील नेत्ररुग्णालयांनीही काम केले आहे.

एका डोळ्यात दोन जीवाणू असतील तर दाखल्यांच्या दोन प्रती एकावर एक ठेवून वाचल्यासारखे होते आणि नेहमीच्या क्रमवाचनाने मजकूर लागत नाही. नव्या पद्धतीत नमुन्यातील लाखो तुकडे सुटेसुटे वाचतात, प्रायमरची निवडही करावी लागत नाही. अमेरिकेत २०१५ मध्ये संवर्धन रिकामे राहिलेले काही नमुने असे वाचले, तेव्हा त्यांत जीवाणूंऐवजी टॉर्क टेनो नावाचा विषाणू सापडला. हा विषाणू पुष्कळ निरोगी माणसांच्या रक्तातही आढळतो. डोळ्यात तो दुखण्याचे कारण म्हणून आला, की दाहामुळे रक्तातून आलेल्या पेशींबरोबर वाहत आला, हे त्या डीएनएच्या अक्षरांत लिहिलेले नव्हते.